सगळं दाखवणारा नकाशा



आमचा धाकटा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तो पुण्याला मामूंकडे गेला होता. तिथे मामेभावाच्या कॉम्प्युटरवर त्याला हवे ते व्हिडिओ गेम खेळायला मिळणार होते, म्हणून महिनाभर आधीपासून उड्या मारत होता. आठ दिवसांनी परत आला तेव्हा मी मनाची तयारी करून ठेवली होती की आता घरातही कॉम्प्युटरचा हट्ट सुरू होणार. झालं उलटंच. रात्री जेवताना म्हणाला, "अम्मी, कंटाळा आला. सगळे गेम आता एकसारखेच झालेत."

खरं सांगते, ऐकून आधी बरंच वाटलं. चला, खूळ आपोआप उतरलं. पण शिक्षिकेची खोड जात नाही. विचारलं, "एकसारखे म्हणजे कसे रे?"

"टॉवरवर चढायचं, मॅप उघडायचा, मग मॅपवरच्या खुणा एकेक करून साफ करायच्या. शहर बदलतं, काम तेच."

'साफ करायच्या' हे शब्द माझ्या कानात राहिले. पोरगा खेळाबद्दल बोलत होता की घरच्या अभ्यासाबद्दल?

ज्या खेळांबद्दल तो बोलत होता त्यांना 'ओपन-वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे मोकळ्या जगाचे खेळ. साध्या खेळात एक पायरी झाली की पुढची. यात तसं नाही. अख्खं शहर किंवा अख्खा मुलूख समोर असतो आणि मूल त्यात हवं तिकडे फिरू शकतं. तुमच्या घरी मोबाइलवर 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' असेल तर ती याच जातीची छोटी आवृत्ती. खेळातल्या फोनवर नंबर फिरवला की मोटारसायकल हजर. आमच्याकडे ते नंबर भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडले होते.

या खेळांचा उगम कसा झाला ते वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. जपानचे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या आपल्या गावाबाहेर एकटेच डोंगरात भटकत. एकदा त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. पुढे काय असेल हे ठाऊक नसताना आत पाऊल टाकण्याची ती हुरहूर खेळात उतरवावी, असं त्यांना वाटलं. त्यातून १९८६ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ आला. म्हणजे मोकळ्या जगाच्या या खेळांच्या मुळाशी एका पोराची गावाबाहेरची भटकंती आहे. आपल्या धाराशिवची लेणीही शहराबाहेर बालाघाटच्या डोंगरातच आहेत. किती पोरं तिकडे आपणहून गेली असतील?

मग या खेळांत शिळेपणा आला कुठून?

मुलाने सांगितलेला मनोरा २००७ च्या 'असॅसिन्स क्रीड'मुळे गाजला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा खेळ. तिचा स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यातही आहे. खेळात ११९१ सालचे दमिश्क, अक्का आणि जेरुसलेम आहेत, म्हणजे सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांचा काळ. उंच मनोऱ्यावर चढायचं, वरून शहर बघायचं, की आजूबाजूचा नकाशा उघडतो. मग खाली गवताच्या गंजीत उडी. त्या वेळी ही कल्पना ताजी होती. लोकांना आवडली, म्हणून पुढच्या भागात आली, मग दुसऱ्या कंपन्यांनी उचलली. एवढं मोठं जग उभं करायला शेकडो माणसांची काही वर्षं आणि शेकडो कोटी रुपये लागतात. इतका पैसा गुंतवणारा नवा प्रयोग करायला धजत नाही. खपलेलंच पुन्हा विकतो, फक्त मोठं करून. याच मालिकेतल्या २०२० च्या 'वल्हाला'ची नुसती मुख्य कथा संपवायला साठेक तास लागतात. जग वाढलं तसं त्यात भरण्यासाठी कामं वाढली, आणि कामं चुकू नयेत म्हणून नकाशावर खुणांची गर्दी झाली. इथे पेटी आहे, इथे शत्रू आहे, इथून डावीकडे वळा. सगळं आधीच सांगून ठेवलेलं. मुलाने शोधायचं काय?

मला वाटतं दुखणं इथेच आहे. मोकळं जग शिळं झालेलं नाही, त्यातलं शोधणं काढून घेतलं गेलं आहे. ज्यांनी ते परत दिलं त्यांचं स्वागतच झालं. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्येही मनोरे आहेत, पण वर चढल्यावर फक्त डोंगर-नद्या दिसतात. दुर्बीण लावून बघायचं आणि आपल्याला नवलाचं वाटेल तिथे आपणच खूण करायची. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये बाणाऐवजी वाऱ्याची दिशा वाट दाखवते. खुद्द युबिसॉफ्टनेही २०२३ च्या 'मिराज'मध्ये जग मुद्दाम आटोपशीर केलं. हा खेळ नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. खलिफा मन्सूर यांनी ७६२ साली वसवलेलं गोल शहर आणि बैतुल हिकमा त्यात आहे, संवाद अरबीतून ऐकता येतात, आणि त्या काळाची माहितीही खेळातच वाचायला ठेवली आहे. यात खून-मारामारी आहेच, तो लहान मुलांसाठी नाही. पण आमच्या मुलाने बैतुल हिकमाचं नाव पहिल्यांदा तिथे ऐकलं, माझ्या तोंडून नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

कबुली द्यायला बसलेच आहे तर आणखी एक.

मुलाचं 'खुणा साफ करायच्या' ऐकल्यावर मला माझा वर्ग आठवला. मीही तेच करते. पुस्तकात महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून देते. कोणता प्रश्न येईल, उत्तर किती ओळींचं, ठळक मुद्दे कोणते, सगळं सांगते. मुलं एकेक खूण साफ करत वार्षिक परीक्षेपर्यंत पोचतात. काही वर्षांपूर्वी 'माझे गाव' या विषयावर एका मुलाने निबंधाऐवजी गावाचा नकाशा काढून आणला होता. कोणत्या विहिरीत कासव आहे, कुणाच्या बांधावर पिकलेली बोरं मिळतात, कोणत्या गल्लीतलं कुत्रं चावतं, सगळं त्यात होतं. मी त्यावर लाल पेनाने लिहिलं, 'निबंध लिहावा.' मुद्देसूद निबंध त्याने दुसऱ्या दिवशी आणला. विहीर, बोरं, कुत्रं, काहीच त्यात नव्हतं. त्यानंतर वर्षभर त्याने आपणहून वर्गात काही आणलं नाही. आज तो नकाशा परत बघायला मिळावा असं फार वाटतं.

म्हणून या सप्टेंबरमध्ये आम्ही नळदुर्गला गेलो तेव्हा मी एक ठरवलं होतं. मुलाला काही सांगायचं नाही. नळदुर्गचा धडा मी अनेकदा शिकवला आहे, ओठांवर तारखा तयार असतात. तरी गप्प राहिले. मुलांचे अब्बा दोनदा माझ्याकडे बघून हसले.

आधी आम्ही उपळी बुरुजावर चढलो. किल्ल्यातली ही सगळ्यांत उंच जागा. वर पोचल्यावर मुलगा म्हणाला, "चला, मॅप उघडला." खाली तटबंदी, बोरी नदी, पलीकडे रणमंडळ. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पण यावर खुणाच नाहीत."

"मग तूच कर," मी म्हटलं.

त्याने बोट दाखवलं ते पाणी महालाकडे. पाऊस चांगला झाला होता, बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही सांडवे धो धो कोसळत होते. खाली उतरून बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात गेलो. समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि आपण दगडी सज्जात कोरडे उभे. मुलगा बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत होता. मग सुरू झालं. पाणी डोक्यावरून जातं तर छत गळत का नाही? पूर आला तर हे लोक बाहेर कसे पडत असतील? एवढा जोर ही भिंत सोसते कशी? पुन्हा वर जाऊन बंधाऱ्याची जाडी पावलांनी मोजून आला. पुन्हा खाली उतरला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. दोन प्रश्नांची उत्तरं त्याने स्वतः काढली. एक बरोबर होतं, एक मला चूक वाटलं, पण मी लाल पेन काढला नाही. तिसऱ्याचं उत्तर मलाच येत नव्हतं, आणि तेही मी सांगून टाकलं.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली हा महाल झाला, हे मी त्याला परतीच्या एसटीत सांगितलं, तेही त्याने विचारल्यावर. चारशे वर्षांपूर्वीचं ऐकून म्हणाला, "तेव्हा कॉम्प्युटरवर हिशेब तरी करता येत नसेल ना?" तो आकडा आता तो विसरणार नाही, असं वाटतं.

नळदुर्गला नेलं आणि गेम सुटले, अशी गोष्ट मात्र ही नाही. तो अजून खेळतो. आमच्या घरी नियम साधे आहेत. शनिवार-रविवार ठरलेला वेळ, मगरिबच्या आत बंद, आणि ज्यावर अठरा वर्षांची खूण आहे तो खेळ मोठ्यांनी बघितल्याशिवाय नाही. पुण्यात हा नियम पाळला गेला नाही हे मला नंतर कळलं. त्याबद्दल माझ्या भावाशी वेगळं बोलणं झालं आहे. पण एक प्रश्न मी बदलला. आधी विचारायची, "किती वेळ खेळलास?" आता विचारते, "आज काय सापडलं?" ज्या दिवशी तो पंधरा मिनिटं उत्तर देतो, त्या दिवशी खेळ ताजा होता. ज्या दिवशी "काही नाही, खुणा साफ केल्या" म्हणतो, त्या दिवशी बहुतेक वेळा तो स्वतःच लवकर उठलेला असतो.

वर्गातही एक बदल केला आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तक बंद. प्रत्येकाने आपल्या वस्तीतली अशी एक जागा सांगायची, जी कुठल्याच नकाशावर नाही. पहिल्या शुक्रवारी सगळे गप्प होते. दुसऱ्या शुक्रवारी मागच्या बाकावरून एक हात वर आला. तास संपला तरी आम्ही उठलो नव्हतो.