खड्डे खणणारे आणि झाडं लावणारे

2019 च्या पावसाळ्यातला एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मागे बॅनर, पुढे कडक इस्त्रीतले पाहुणे, प्रत्येकाच्या हातात एक रोप. अगदी कडेला, अर्धे कापले गेलेले आमचे अण्णा. त्यांच्या हातात टिकाव. त्या वर्षी राज्याचं लक्ष्य होतं 33 कोटी झाडांचं, आणि आमच्या गावातले खड्डे अण्णांनी रोजंदारीवर खणले. ज्या दोन एकरांत खणले, ते माझ्या आजोबांनी दगडगोटे वेचून वहितीत आणलेलं गायरान. पाहुणे वृक्षप्रेमी ठरले. अण्णा कागदावर आजही 'अतिक्रमणधारक' आहेत.

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, स्टील आठवतं. अभयारण्य कुणालाच आठवत नाही. म्हणूनच इथे निसर्गरक्षणाचं राजकारण सहसा दिसत नाही. ते वाघाच्या नावानं येत नाही. ते गायरानावर, तारेच्या कुंपणातून आणि एका पाटीतून येतं.

पाटी लागली की गावात दोन जाती नव्यानं तयार होतात: पर्यावरण वाचवणारे आणि पर्यावरण बिघडवणारे. गंमत अशी, की ही वाटणी जुन्या वाटणीवर तंतोतंत बसते. ज्याच्याकडे विहीर आणि बागायत आहे, त्याचं गायरानावाचून अडत नाही. तो शंभर रोपांचं उद्घाटन खुशाल करू शकतो. अडतं ते आमच्या वस्तीचं आणि मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांचं. कुंपण कुठे घालायचं हे नकाशावर ठरतं असं सांगतात. मी तर ते ओट्यावर ठरताना पाहिलंय, आणि बोट नेहमी कुणाच्या वस्तीकडे वळतं तेही पाहिलंय.

ही जमीन आम्ही चोरून घेतली नाही. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्य आलं, पण भूमिहीनाच्या नावावर जमीन आली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली. शेवटी 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. तारीख बघा: बाबासाहेबांची जयंती. पण पुरावा काय मागितला? गाव नमुना 1-ई मधली नोंद, दंडाच्या पावत्या. म्हणजे गुन्हा केल्याची पावती हाच हक्काचा पुरावा! आजीनं त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत दागिन्यासारख्या जपल्या. अण्णांनी त्या कार्यालयात नेल्या, तेव्हा उत्तर मिळालं: तिथे आता वृक्षलागवड आहे.

2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला हमखास दिला जातो. तो निकाल गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं सांगतो, आणि बरोबरच सांगतो. पण त्यातच अपवादही आहे: भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेले पट्टे. निकालाचा हा भाग कुणी मोठ्यानं वाचत नाही.

तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात झाडं नकोत का? हवीत. बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्यालगत हवीत. पण आमचं माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नाही. ते कुसळी, पवन्या, मारवेलीचं गवत आहे. काळवीट, लांडगा, खोकड त्यावर जगतात. 'पडीक' हा शब्द महसुली दप्तराचा आहे, मातीचा नाही. त्या गवतात गिरिपुष्प दाटीनं लावलं की मेंढराचा चारा जातो आणि काळविटाचं मैदानही.

माळढोकाचं उदाहरण घ्या. 1979 मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली. शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीचे व्यवहार करणं अवघड झालं. पुढे अभयारण्य आक्रसून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माणसं पक्ष्यावर चिडलेली होती, आणि पक्षीही जवळजवळ संपला होता. ज्यांच्या माळावर तो जगायचा त्यांनाच परकं ठरवून कोण वाचला?

गायरानावर बड्यांचीही अतिक्रमणं असतात, आणि ती काढायलाच हवीत. म्हणून माझी मागणी साधी आहे. नमुना 1-ई ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. कुणाकडे किती एकर, कधीपासून, आणि त्याची स्वतःची जमीन किती, हे सगळ्यांसमोर येऊ द्या. 1990 च्या आतल्या भूमिहीनांना सात-बारा द्या. उरलेल्या माळावर गवत राहू द्या, आणि राखणीचा हक्क चारणाऱ्यांना द्या.

येत्या पाच जूनला तुमच्या गावातही फोटो निघतील. रोप धरलेल्या हातांना लाईक देण्याआधी एकदा विचारा, हा खड्डा कुणाच्या जमिनीत आहे? आणि खणला कुणी?