माघारी फिरण्याचीही तयारी

पुढील वर्षीची सहल मालवणला न्यावी आणि तेथे समुद्राच्या तळाशी उतरून पाहावे, असा लेखी अर्ज नववीच्या वर्गाने दिल्यापासून शिक्षकांच्या खोलीत आणि गावातल्या ओट्यांवर दोन तट पडले आहेत. एका पक्षाला हे शुद्ध वेड वाटते. दुसरा म्हणतो, पैसे भरा आणि मुलांना जाऊ द्या, शिकवणारे तेथे आहेतच. माझे माहेर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले, घरची भाषा कोकणी, आणि समुद्र लहानपणापासून पाहिलेला. त्यामुळे दोन्ही पक्ष मला साक्षीला ओढतात. माझे मत मात्र दोघांनाही रुचणारे नाही. सहल जावी, परंतु बुडी न मारता परत येण्याची तयारी जिच्या आराखड्यात आधीच लिहिलेली नाही, अशी सहल मुळीच जाऊ नये.

कारण सांगते. आमच्याकडचा रापण ओढणारा माणूस पहाटे किनाऱ्यावर येतो, लाटांकडे पाहतो आणि मन मानले नाही तर घरी जाऊन पेज घेतो. समुद्र उद्याही तेथेच असतो. जून आणि जुलै हे दोन महिने तर मासेमारीच्या यांत्रिक होड्यांना बंदीच असते, आणि जुनी माणसे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटीत नाहीत. ज्यांचा जन्म दर्यावर गेला तेच असे थांबतात. आपली गोष्ट निराळी. आपण पांढुर्ण्याहून नागपूरला जाणार, तेथून रेल्वेने ८०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबई गाठणार, मग १९९८ साली पुरी झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ, आणि पुढे मोटारीने सुमारे ३० किलोमीटर मालवण. वर्गणी भरलेली असणार कपाशीच्या नाहीतर संत्र्यांच्या पैशांतून. इतके सारे करून काठावर उभे राहिल्यावर नावाडी म्हणाला, "आज पाणी बरे नाही," तर 'आलोच आहोत, उतरून घेऊ' हे शब्द आपल्या तोंडून निघायला कितीसा वेळ लागेल? समुद्रापासून जो जितका दूर राहतो, तितका तो समुद्रकाठी अधिक उतावळा होतो, असे मला वाटते.

धैर्याची उणीव आपल्याकडे मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, तेव्हा दगड अंगावर घेणारी माणसे आपण दरसाल पाहतो. माघार म्हणजे कमीपणा, हा धडा येथल्या मुलांना शाळेत येण्यापूर्वीच मिळालेला असतो. पाण्याखाली तो धडा घातक ठरतो.

मी कलाशाखेची पदवीधर. पुढचे सारे आमच्या विज्ञानशिक्षकांकडून समजून घेतलेले आहे. पाण्यात १० मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. तेथे नळकांड्यातल्या हवेने छाती भरून घेऊन श्वास कोंडला आणि तसेच वर आले, तर ती हवा दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुस फाटते. म्हणून श्वास कधीही रोखू नये आणि वर सावकाश यावे, हा या विद्येचा पहिला नियम. आणि घाबरलेला माणूस नेमका श्वास कोंडतो व वर धाव घेतो! पोहता न येणाऱ्यालाही हात धरून खाली नेतात हे खरे. पण पाण्याची भीती ज्याची गेलेली नाही त्याला तेथे नेणे मला पटत नाही. आपल्याकडे मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मुली विहिरीवर पाणी भरतात, आत उतरत नाहीत. सहलीच्या नावाने तरी ही रीत मोडावी. तसेच सर्दी झालेल्याने उतरू नये, कारण कानातला दाब सारखा होत नाही आणि पडद्याला इजा होते. आता दोन दिवस गाडीत काढलेल्या वर्गात सर्दी झालेली दोन-चार मुले निघणारच!

मालवणचे पाणी निदान उबदार आहे. आपला एक माजी विद्यार्थी, सौसरचा, सध्या स्कॉटलंडमध्ये नोकरीस आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावर सेंट ॲब्ज नावाचे मच्छीमारांचे लहान गाव आहे. उभे कडे, काळे खडक, आणि १९८४ पासून लोकांनी आपखुशीने राखलेले सागरी जीवांचे क्षेत्र. उन्हाळ्याच्या अखेरीसही तेथले पाणी १३-१४ अंशांच्या आसपास असते. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता कितीतरी अधिक वेगाने ओढून घेते, बोटे बधिर होतात आणि साधी कडी सोडवता येत नाही. म्हणून तेथे मनगटाशी व गळ्याशी घट्ट बसणारा, आत पाणी न येऊ देणारा पोशाख घालतात आणि त्याखाली लोकरी कपडे. हे सर्व त्याने मला पत्रातून कळवले, आणि सोबत आपल्या मंडळींच्या बेताचा कागदही पाठवला. त्यात सामानाची यादी शेवटी होती. सर्वांत वर लिहिले होते: 'वारा पूर्वेचा असेल तर उतरायचे नाही. चौघांपैकी एकानेही नको म्हटले तर कोणीच उतरायचे नाही. कारण विचारायचे नाही.' दोनदा ते तेथवर जाऊन कोरडेच परतले. तिसऱ्यांदा उतरले. तो कागद मी शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवला आहे.

आपल्या बेतात काय असावे? मालवणला एक नव्हे, तीन दिवस. सकाळी किल्ला, दुपारी बुडी आणि रात्री गाडी अशी घाई नको. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची बुडी मारण्याचे शिक्षण देणारी संस्था आहे, तेथे आधी पत्रव्यवहार करावा. होडी रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय, हे भरण्यापूर्वी लिहून घ्यावे. नाहीतर बुडणाऱ्या पैशांपायी माणसे बुडतात. प्रत्येक मुलाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे, आणि दम्याची गोष्ट कोणी लपवू नये. एका सधन पालकांनी सुचवले की आमच्या पेडण्यात मोपा येथे २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत, तेव्हा बुडी मारून त्याच संध्याकाळी विमानाने परतावे. तेही चालणार नाही. एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरलेल्या वायूला निघून जायला अवधी लागतो.

पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, एवढ्या दूर जाऊन पाण्यात नाही उतरलं त मंग जाता कायले?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, कुरटे बेटावर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग पाण्याबाहेरच आहे. त्याच्याभोवतीचे खडक ओहोटीला उघडे पडतात, त्यांतल्या डबक्यांत गुडघाभर पाण्यात उभे राहून दोन तास पाहावे इतके जीव असतात. १९८७ पासून तो परिसर सागरी अभयारण्य आहे. गृहस्थ हसले, पटले की नाही कळले नाही.

सहलीच्या अटींचा कागद मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवला आहे. पाचवी अट अशी आहे की, बुडी मारली न गेल्यास कोणीही सोबतच्या शिक्षकांना दोष देणार नाही. पालकांनी ती नीट वाचावी आणि मगच सही करावी, किंवा करू नये.