सक्तीची तोडणी आणि अर्धवट फायली

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाचा पहिला अपेक्षाभंग म्हणजे इथलं इंटरनेट. (दुसरा म्हणजे रेल्वेचा वक्तशीरपणा, पण त्यावर पुन्हा कधीतरी.) तुम्ही म्हणाल, एवढा यंत्रांचा देश, तिथे नेट कसं रखडेल? रखडतं मंडळी, आणि त्याहून गंमत म्हणजे वर्षानुवर्षं ते मुद्दाम तोडलं जायचं.

घरच्या डीएसएल जोडणीला चोवीस तास झाले की कंपनी ती तोडायची. याला खास जर्मन शब्द आहे, 'ट्स्वांग्सट्रेनुंग', म्हणजे सक्तीची तोडणी. थोड्याच वेळात जोडणी परत यायची, पण नवा आयपी पत्ता घेऊन. घरगुती जोडणीवर कोणी कायमचा सर्व्हर चालवू नये, हे त्याचं एक सांगितलं जाणारं कारण. इथे घरोघरी दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्स राउटरमध्ये ही तोडणी पहाटे तीन ते चारच्या दरम्यान ढकलायची सोय आहे. तोडू नका असं सांगता येत नाही, कधी तोडायचं तेवढं ठरवता येतं. अगदी जर्मन तोडगा! पुढे डॉइच टेलिकॉमनं नव्या जोडण्यांवर ही मुदत 180 दिवसांवर नेली, त्यामुळे हल्ली हा जाच बराच कमी झालाय.

आता एक साधा हिशेब करू. जुन्या 'डीएसएल 16000' जोडणीवर खाली उतरवायचा वेग 16 मेगाबिट असला तरी वर चढवायचा जेमतेम 1 मेगाबिट. एका दिवसात सेकंद 86,400, म्हणजे 86,400 मेगाबिट. भागिले आठ, झाले 10.8 जीबी. त्याहून मोठी एकच फाईल अशा जोडणीवरून एका दमात पाठवणं अशक्य होतं. हळू नव्हे, अशक्य! 11 जीबीची फाईल तुम्ही वर्षभर पाठवत बसलात तरी रोज पहाटे वेताळ पुन्हा झाडावर.

माझं म्हणणं या हिशेबातच आहे. आपण सगळे वेगाच्या मागे लागलेलो असतो. जाहिरातीत वेग, बिलावर वेग, मित्रांशी बढाई मारतानाही वेग. पण मोठी फाईल पोचणार की नाही हे ठरतं ते तुटल्यावर कुठून सुरू होतं यावर. तिथूनच पुढे सुरू होत असेल तर 1 मेगाबिटवरही 40 जीबी पौणेचार दिवसांत जातात. पहिल्यापासून होत असेल तर कधीच जात नाहीत.

या कामासाठी संशोधनाच्या जगात वापरतात ते आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघा ऑस्ट्रेलियनांनी 1996 साली ते जाहीर केलं. पुढे ट्रिजेलच्या पीएचडीच्या प्रबंधाचाही तो एक विषय झाला. (पीएचडीतून असं काही रोज वापरलं जाणारं निघणं किती दुर्मिळ आहे, ते ज्यांनी केलीय त्यांना विचारा.) खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस. युक्ती अशी: फाईल घेणारा आपल्याजवळ जे काही आहे त्याचे ठोकळे पाडतो आणि प्रत्येक ठोकळ्याची छोटीशी खूण, म्हणजे चेकसम, काढून समोर पाठवतो. पाठवणारा आपली फाईल एकेक बाइट सरकवत त्या खुणांशी ताडून पाहतो. जुळेल ते सोडून देतो आणि न जुळणारं तेवढंच पाठवतो. यात 'अर्धवट राहिलेली फाईल' असं वेगळं काही नाहीच. अर्धी फाईल म्हणजे त्याच फाईलची एक जुनी प्रत, आणि बदललेला भाग म्हणजे उरलेला अर्धा. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

मात्र एक मेख आहे. काही न सांगता चालवलं तर तुटल्यावर आरसिंक अर्धी फाईल पुसून टाकतं. पुष्कळांचा इथे संताप होतो. मला विचाराल तर त्याचं बरोबरच आहे. अर्धी फाईल पूर्ण नावानं पडून राहिली तर उद्या कोणीतरी ती पूर्ण समजून वापरणार. ठेवायचीच असेल तर 'पार्शल' हा पर्याय द्यावा, आणि त्याहून बरा 'पार्शल-डिर', जो अर्धे तुकडे वेगळ्या फोल्डरात ठेवतो. 'अपेंड' मात्र जपून. तो आधी आलेलं तपासतच नाही, डोळे मिटून पुढचं चिकटवतो. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीच्या आधी तो तपासायचा, म्हणून जुने सल्ले वाचणारे फसतात. आता तपासणी हवी तर 'अपेंड-व्हेरिफाय'. शिवाय पत्ता बदलला की आरसिंक मेलेल्या जोडणीकडे बघत ताटकळत बसू शकतं, म्हणून 'टाइमआउट' द्यावा, आणि सगळी आज्ञा 'जमेपर्यंत पुन्हा कर' अशा चक्रात घालावी. मग खुशाल झोपा.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? माझा एक मावसभाऊ लातूरकडे लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. एका लग्नाचे साठ-सत्तर जीबी, आणि एडिटिंग पुण्यात. तो काय करतो, तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे हार्डडिस्क देतो! "दादा, स्पीडचं काय नाही, पण लाईट गेली की सगळं पहिल्यापासून," असं त्याचं म्हणणं. मी हसलो नाही, कारण जर्मनीतही हेच घडलंय. 2020 च्या डिसेंबरात श्माल्लेनबर्गजवळच्या एका छायाचित्रकारानं साडेचार जीबीचे फोटो दहा किलोमीटरवरच्या छापखान्याला नेटवरून पाठवायला लावले, आणि त्याच वेळी तेच फोटो डीव्हीडीवर घालून घोड्यावरून रवाना केले. घोडा जिंकला.

पण घोडा काय किंवा ट्रॅव्हल्स काय, वाटेत हार्डडिस्क हरवली की लग्न परत लागत नाही. शिवाय तुटण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. इथे माझी फाईल तुटली तर माझी रात्र जाते. दिवसाला दीड जीबीच्या मोबाईल पॅकवर अभ्यास करणाऱ्या मुलाची चार जीबीची फाईल साडेतीनवर तुटली, तर त्याचे दोन दिवसांहून जास्त डेटा पाण्यात जातो, आणि कोटा संपला की वेग 64 किलोबिट. ज्याचं नेट सगळ्यात कच्चं, त्यालाच तीच फाईल पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते.

म्हणून माझं मत असं की ही जबाबदारी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची जास्त आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं ग्रंथालय संशोधनाचा डेटा खुला करतं तेव्हा ब्राउझरच्या वाटेबरोबर आरसिंकची वाटही देतं. डेबियनच्या जगभरच्या प्रती याच मार्गानं ताज्या राहतात, प्रोजेक्ट गुटेनबर्गचा पुस्तकसंग्रहही असाच उतरवून घेता येतो. यात फार खर्च नाही, आरसिंक फुकट आहे. आपल्याकडचं जे विद्यापीठ, ग्रंथालय किंवा सरकारी खातं मोठ्या फायली लोकांसाठी ठेवतं, त्यानं निदान एवढं करावं, आणि आपण ते मागावं. भलीमोठी झिप फाईल ठेवून 'उपलब्ध आहे' म्हणणं म्हणजे विहीर आहे पण पोहरा ज्याचा त्यानं आणावा, तसं.

अडचण एकच, आरसिंक दोन्ही टोकांना लागतं. मावसभावाचा पुण्याचा एडिटर विंडोजवाला. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय आता आहे, पण त्याच्या हापिसात एक जुना संगणक धूळ खात पडलाय, त्याच्यावर लिनक्स घालणं मला जास्त सोपं वाटतं. भावाला ती एक ओळ लिहून पाठवलीय. पहिली चाचणी एका बारशाच्या व्हिडिओवर आहे, नऊ जीबीच्या. लग्नसराईच्या आत जमवायचंय.