पूर ओसरल्यावरची बीव्हरकिल

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत वसंतात बर्फ वितळतं आणि बीव्हरकिल नदी दुथडी भरून वाहते. पाणी उतरू लागलं की रॉस्को गावाकडे फ्लाय-फिशिंगवाल्यांची रीघ लागते. सगळ्यांचे डोळे मधल्या धारेवर. ट्राउट मात्र तिथे नसतो. ओढीशी झुंजत ताकद घालवण्यापेक्षा तो काठालगत, मोठ्या दगडाआडच्या संथ पाण्यात थांबतो. म्हणून आमचा आग्रह आहे, आधी काठ न्याहाळा. घाईने कमरेएवढ्या पाण्यात शिरणारा बरेचदा मासे पाठीमागेच सोडून जातो.

पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की दुपारी हेंड्रिक्सन नावाच्या मेफ्लाय पाण्यावर येऊ लागतात. रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये या कीटकाची पिसं-दोऱ्याची नक्कल बांधली आणि तिला आपल्या मासेमारीतल्या सोबत्याचं, ए. ई. हेंड्रिक्सन यांचं नाव दिलं. ती आजही चालते.

एक मात्र कळकळीने सांगायचं आहे. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतो आणि पिल्लं वसंताच्या सुमारास त्या खडीतून बाहेर पडतात. उथळ पाण्यातले स्वच्छ, बारीक खडीचे पट्टे तुडवू नका. लांबचा वळसा पडला तरी चालेल.