पंधरा दिवसांची मुदत

शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी महाराष्ट्राने तो १९७५ साली लागू केला, हे आज फार थोड्यांना आठवत असेल.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो हात खडी फोडण्यास लागले. वि. स. पागे यांच्या कल्पनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कायद्यातील एका शहाणपणाची मात्र पुरेशी दखल घेतली गेली नाही. मजुराचा अर्ज एका कचेरीत, अंदाजपत्रक दुसऱ्या खात्यात, हजेरीपट तिसऱ्याच्या हाती आणि मजुरी चौथ्याकडून, अशी ही लांबलचक साखळी. तिचा एखादा दुवा निखळणारच, हे कायद्याने गृहीत धरले. म्हणूनच पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली.

अनेक यंत्रांवर विभागलेल्या कामाविषयी संगणकशास्त्रही हेच सांगते. उत्तराची वाट किती पाहावयाची याला मर्यादा हवी; प्रत्येक टप्प्याची नोंद हवी; तोच आदेश पुन्हा गेला तरी रक्कम दोनदा जमा होता कामा नये; आणि जे अर्धवट राहिले त्याची भरपाई ठरलेली हवी.

प्रत्यक्षात भत्ता क्वचितच मिळाला. कारण उघड आहे: अर्जाची दिनांकित पावतीच दिली नाही, तर मुदत सुरू होणार केव्हा? पुढे मजुरी थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. तथापि खातेक्रमांकातील एखाद्या अंकाच्या चुकीने रक्कम परत गेली, की कचेरी बँकेकडे बोट दाखविते आणि बँक कचेरीकडे. मग वैजापूरच्या किंवा पैठणच्या मजुराला हेलपाटे घालावे लागतात. खात्याखात्यांतील समन्वयाचे काम अखेर त्याच्या पायांवर येऊन पडते, आणि त्यात त्याचा रोज बुडतो तो वेगळाच.

यंत्रे बदलली, कायद्यांची नावेही बदलतात. परंतु चुकीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न यंत्राचा नाही. अर्ज घेताच पावती, परत गेलेल्या रकमेसाठी एकच उत्तरदायी अधिकारी आणि विलंबाची भरपाई मजुराने न मागता, एवढे झाले तरी पुरे. कर भरणाऱ्या मध्यमवर्गाने याचा हिशेब मागितला, तर तो अप्रस्तुत ठरणार नाही.