बेपत्ता माणसे आणि रहस्यपट

खऱ्याखुऱ्या माणसांच्या नाशावर रहस्यपट रचणे म्हणजे शोकाचा बाजार मांडणे होय, असे मानणारा एक सुसंस्कृत रसिकवर्ग सर्वत्र आढळतो. आणि आमात एस्कालान्ते या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘पेर्दिदोस एन ला नोचे’ हा २०२३ सालचा चित्रपट त्या वर्गाच्या रोषास विशेषेकरून पात्र ठरावा असाच आहे. ज्या देशाच्या सरकारी नोंदवहीतील बेपत्ता माणसांचा आकडा २०२२ च्या मे महिन्यात एक लक्षावर गेला, त्या देशाचे दुःख माहितीपटात मांडावे, फार तर संयत शोकनाट्यात मांडावे, पण धागेदोरे, संशयित आणि काळोखातला पाठलाग ही करमणुकीची आयुधे तेथे उपसू नयेत, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यामागील सद्भाव मला मान्य आहे. गृहीतक मात्र मान्य नाही.

गृहीतक असे की, तपास हे सरकारचे काम असून सामान्य माणसाने केलेला तपास ही केवळ कथालेखकाची कल्पना होय. मेक्सिकोतील वस्तुस्थिती निराळी आहे. सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ साली नमूद केले की, अवघ्या दोन ते सहा टक्के प्रकरणांत खटला उभा राहिला आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत साऱ्या देशात शिक्षेचे निकाल लागले ते ३६. बाकीच्या फिर्यादी दप्तरात पडून राहतात आणि तपास आईच्या गळ्यात येतो. शोधाला निघालेल्या या बाया उजाड माळावर, माती उकरल्यासारखी दिसेल तेथे, लोखंडी सळई हातोड्याने ठोकतात, ती उपसून तिचे टोक नाकाशी नेतात आणि कुजल्याचा वास आला की खणावयास लागतात. तामाउलिपास प्रांतातील सान फर्नान्दोच्या मिरियाम रोद्रिगेस यांनी मुलीच्या अपहरणकर्त्यांचा माग वेषांतर करून स्वतः काढला, त्यांतील अनेकांना पकडून दिले, आणि १० मे २०१७ रोजी, तेथील मातृदिनीच, त्यांचा खून झाला. हे सारे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते, तर आमच्या या रसिकांनीच ते अतिरंजित ठरविले असते.

एस्कालान्ते यांचा नायक एमिलियानो हा याच जातकुळीचा. खाणीस विरोध करणाऱ्या त्याच्या आईला पोलीसच उचलून नेतात. पुढे काही वर्षांनी एका पोलिसाकडूनच मिळालेल्या दुव्यावरून तो एका धनाढ्य कुटुंबाच्या आलिशान घरी पडेल ते काम करणारा गडी म्हणून राहतो. फिर्याद नोंदवून घेणारा आणि फिर्यादीतील आरोपी एकाच गणवेशात असतील, तर मुलाने कोणत्या कचेरीत अर्ज गुदरावा? परक्याच्या घरात शिरून भिंतीला कान लावण्यापलीकडे ज्याला दुसरी चौकशीच उपलब्ध नाही, त्याची हकिगत रहस्यकथेच्या बांधणीत येणे अपरिहार्य आहे. माहितीपटाने आकडे सांगावेत, अश्रू दाखवावेत. परंतु ज्या लहानशा गावात खुनी आणि शोधणारा एकाच रस्त्याने येजा करतात, तेथे प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहताना मनात उठणारी शंका प्रेक्षकाच्या अंगात भिनवावी ती रहस्यपटानेच.

राहिला शोकाच्या बाजाराचा आरोप. त्याची सुनावणी चित्रपटाने स्वतःच घेतली आहे. कारण त्या घरचा कर्ता पुरुष रिगोबेर्तो हा इतरांच्या मरणावर आपली कला उभारणारा नामांकित कलावंत आहे, आणि त्याच्या प्रतिष्ठेकडे कॅमेरा ज्या थंड तिरस्काराने पाहतो, तो पाहिल्यावर दिग्दर्शकाला या पापाची जाणीव नव्हती असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल.

उत्तरार्धात मात्र पटकथेचा तोल सुटतो, हे मी नाकारीत नाही. धार्मिक पंथ, समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीचा हव्यास, प्रेमाचा त्रिकोण, इतकी लोढणी एका मुलाच्या शोधाला बांधावयास नको होती. ‘हेली’साठी २०१३ साली कान येथे सर्वोत्तम दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळविणाऱ्या माणसाकडून अधिक काटकसर अपेक्षित होती. ही तक्रार रचनेची आहे, आणि तेवढ्यापुरत्या अर्जावर मीही खुशाल सही करीन.