जुनी मोटार घेताना



उसाची बिले खात्यावर जमा झाली की गट ऑफिसात दरवर्षी एक विषय निघतो. अमक्याने जुनी मोटार घेतली, केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय देते. गाडी आतून कशी आहे म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "एकदम चकाचक." चकाचक म्हणजे काय, तर धुऊन पॉलिश मारलेली. आडसाली ऊस १६ ते १८ महिने सांभाळून हाती आलेला पैसा अर्ध्या तासात पॉलिशवर जातो, याचे वाईट वाटते. बेणे घेताना आपण डोळे तपासतो, खोडव्याचे बेणे नको म्हणतो, गाय घेताना धार काढून पाहतो. मग मोटारीलाच ही सूट का?

मी काही मेकॅनिक नव्हे, शेतकी पदविकेचा माणूस. पण शिवारे फिरण्याच्या नोकरीत जुन्या गाड्यांशी आणि त्या दुरुस्त करणाऱ्यांशी बराच संबंध आला. माझे मत असे की गाडीचे वय हा दुय्यम मुद्दा. एकाच मालकाने वेळच्या वेळी ऑइल बदलून वापरलेली १२ वर्षांची गाडी मी घेईन. चार हात फिरलेली ६ वर्षांची घेणार नाही. किलोमीटरच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नये. तो मागे फिरवता येतो, आणि फिरवला जातो. आकडा ४० हजार सांगतो आणि क्लच पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, तर रबराचे ऐकावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीच्या नंबरावरून मागची नोंद निघते. मालकाला बरोबर घेऊन जावे. तो टाळाटाळ करू लागला तर चहा पिऊन उठावे.

गाडी पाहायची ती सकाळी, इंजिन थंड असताना. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर आपण यायच्या आधी ती चालू करून ठेवलेली, म्हणजे पहिल्या स्टार्टची रड झाकलेली असू शकते. सरळ दुसऱ्या दिवशी यावे. चालू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते. थंडीत क्षणभर पांढरी वाफ येते, तिची काळजी नको. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिनात पाणी जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडायला सांगा. तिथून भकाभका धूर आला तर फिटर म्हणतात तसे गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते. रिंग-पिस्टनचे काम निघाले समजा. झाकणाच्या आत सायीसारखा चिकटा दिसला तर ऑइलात पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, अत्तर फवारून विकली जाते. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी मात्र लगेच बोलत नाही, काही महिन्यांनी बोलते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का पाहा, कार्पेट उचलून वास घ्या, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. पूर सगळ्यांच्याच घरात आला, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते सांगून, त्या भावाने विकावी.

चालवून पाहायची ती डांबरी रस्त्यावर नव्हे, आपल्या पाणंदीने. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की खालून टकटक येते का ऐका.

फिटर आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको. त्याला पाचशे-हजार द्यायला आपले लोक का कचरतात हे मला न उमगलेले कोडे आहे. आणि ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा टायर, बॅटरी, ब्रेक यांसाठी बाजूला ठेवूनच भाव करावा.

कागदाचे थोडक्यात. सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो तसा आर. सी. वरचा बँकेचा बोजा पाहावा, चेसिस नंबर स्वतः वाचून ताडावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. १४ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते यावरून कळेल.

विकणाऱ्या सभासदांनीही ऐकावे. पैसे मोजून घेतले, चावी दिली, एवढ्याने सुटका होत नाही. आर. टी. ओ. त नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. तेव्हा २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गप्प बसू नका; नव्या आर. सी. ची झेरॉक्स हातात येईपर्यंत मागे लागा.